चूक सापडली की टाळी, की चापट?

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या काही महिन्यांत आपल्या कुटुंब-गटांवर आणि गुरुवारच्या सत्संगानंतर चपला घालता घालता एकच विषय वेगवेगळ्या तोंडांनी कानावर येतोय. कुणाचा मुलगा क्लासला म्हणून निघतो आणि असतो भलतीकडेच. कुणाची मुलगी फोन पालथा ठेवते आणि विचारलं की खेकसते. कुणाच्या घरी पाकिटातले पैसे कमी होतात. आणि प्रत्येक आईबापाचा शेवटचा प्रश्न तोच असतो, "आम्ही इतकं नाम घेतो, घरात रोज आरती होते, तरी आमच्याच घरी असं का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हीही तुमच्यासारखेच सेवेकरी. पण मागच्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या तोंडावर हाच प्रश्न आमच्या घरात, आमच्या देवघरापुढे येऊन उभा राहिला. त्यातून जे शिकलो ते आज सांगावंसं वाटतंय. लिहिलेलं सगळं आधी मुलाला वाचायला दिलं. त्याने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. बाकीचं वाचून "असू दे, पाठवा" म्हणाला, म्हणूनच पाठवतोय.

*नाथांची एक पै*

सुरुवात आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीने करू. संत एकनाथ महाराज लहान वयात, घरी आजीआजोबांना न सांगता, पैठणहून निघून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचा कारभार पाहत. त्यांनी नाथांना हिशेबाचं काम दिलं. एका रात्री हिशेबात एका पैची चूक लागत होती. नाथ दिव्याच्या उजेडात रात्रभर वह्या चाळत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी शिष्याला समजावलं, की एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर संसारात जी मोठी चूक चाललीय ती सापडली तर केवढा होईल!

ही गोष्ट आपण एकाग्रतेची म्हणून सांगतो. मुलांना अभ्यासाला बसवताना तर हमखास सांगतो. पण तिच्यातली दुसरी बाजू आमच्या इतक्या वर्षांत लक्षातच आली नव्हती. *चूक सापडली तेव्हा नाथांनी टाळी वाजवली.* ते घाबरले नाहीत, कुणाची झाली म्हणून शोधत बसले नाहीत, वही बंद करून लपवूनही ठेवली नाही. आणि मध्यरात्रीनंतर झोपमोड झाली म्हणून गुरूही रागावले नाहीत. त्या आनंदाचं बोट धरून ते शिष्याला आणखी पुढे घेऊन गेले.

आता आपल्या घरात बघू. चूक सापडली की काय होतं? टाळी वाजते की चापट?

*देवघराचा खण*

आमच्याकडे गुरुपौर्णिमेच्या अन्नदानाचे पैसे जमा होतात. गुरुबंधू पाकिटं आणून देतात, वहीत नोंद होते आणि पाकिटं देवघराच्या खालच्या खणात राहतात. कुलूप कधी लावलं नाही. देवघराला कुलूप कसलं, असं वाटायचं.

मागच्या वर्षी खजिनदार काकांकडे पैसे पोचवायच्या आदल्या दिवशी आम्ही मोजायला बसलो. वहीत चौदा हजार दोनशे, खणात बारा हजार चारशे. अठराशे रुपये कमी. तीनदा मोजले. गादीखाली, पोथ्यांच्या पानांत, फोटोच्या मागे, सगळीकडे पाहिलं.

आणि मग आमच्या हातून जे झालं ते लिहिताना आजही हात अडखळतो. सकाळी कामाला येणाऱ्या बेनना आम्ही विचारलं, "बेन, देवघराचा खण पुसायला म्हणून उघडला होता का तुम्ही?" आवाज चढवला नाही. सरळ आरोप केला नाही. पण सात वर्षं आमच्या घरात वावरलेल्या बाईला त्या प्रश्नाचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. "ना बेन," एवढंच म्हणाल्या. भांडी घासली, ओटा पुसला, ठेवलेला चहा न घेता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

हे चाललं होतं तेव्हा आमचा दहावीतला मुलगा तिथेच टेबलाशी बसून मान खाली घालून पोहे खात होता.

बोलायला पुढे आई झाली, पण मागे बाबाही उभे होते. म्हणून इथे आम्ही 'आम्ही' म्हणतोय. त्या प्रश्नाचे धनी दोघेही.

संध्याकाळी केंद्रातल्या एका ज्येष्ठ काकूंना फोन करून पैशांचं सांगितलं. आम्हाला वाटलं, त्या पैशांबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "अगं, त्या बाईला विचारलंत, पण तुम्हाला खात्री होती का?" आम्ही म्हटलं, नव्हती. "मग आज आरतीला उभं राहून काय म्हणणार आहात?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री आरतीनंतर, तीर्थ घेण्याआधी, आम्ही देवघरापुढे मोठ्याने म्हटलं, "महाराज, आज आम्ही पुरावा नसताना एका कष्टाच्या बाईवर संशय घेतला. आमचं चुकलं. उद्या तिच्या घरी जाऊन माफी मागू." मुलाला ऐकवायचं म्हणून नव्हतं ते. खरं सांगायचं तर मुलाचा विचारही तेव्हा मनात नव्हता. तो नेहमीसारखा दाराशी उभा होता.

रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्यातलं एक जण विरजण लावत होतं, दुसरं दाराच्या कड्या बघत होतं. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बेननी नाही घेतले. मी घेतले."

*अठराशे रुपयांच्या मागे काय होतं*

हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वी क्लास बुडवून चार मित्र कमाटी बागेत गेले होते. तिथे मस्करीत याच्या हातून एका मित्राचा फोन पडला आणि काच फुटली. दुरुस्तीचे अडीच हजार. आजीने वाढदिवसाला दिलेले सातशे याच्याकडे होते, ते दिले. उरलेल्यांसाठी मित्र रोज मागे लागला. घरी फोनचं सांगायचं तर क्लास बुडवल्याचं सांगावं लागणार. क्लासचं सांगायचं तर त्याआधीही दोनदा बुडवला होता, ते निघणार. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि तिसऱ्यात एका निरपराध बाईची अब्रू गेली.

"देवाचे पैसे! लाज नाही वाटली?" आमच्यातल्या एकाचा आवाज चढला. दुसऱ्याने हातानेच थांबवलं. मग फक्त एक विचारलं, "फोन फुटला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

त्याने दिलेलं उत्तर आम्ही आयुष्यभर विसरणार नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही मला फोटोपुढे उभं केलं असतं. मग मला महाराजांकडे बघताच येत नाही."

आम्हाला आठवलं. तो आठ-नऊ वर्षांचा असताना काही खोटं बोलला होता. काय ते आता आठवतही नाही. तेव्हा आम्ही त्याला महाराजांच्या तसबिरीपुढे कान धरून उभं केलं होतं. "महाराज बघतायत हं! त्यांना सगळं कळतं. शिक्षा करतील," असं म्हटलं होतं. त्यानंतरही कितीदा म्हटलं असेल. जेवला नाही, "महाराज रागावतील". आजीला उलट बोलला, "महाराजांना आवडणार नाही". आम्हाला वाटत होतं, आपण श्रद्धेचे संस्कार करतोय. प्रत्यक्षात आम्ही आपल्या सद्गुरूंना घरातला फौजदार करून ठेवलं होतं.

बंधूभगिनींनो, जरा विचार करा. आपण स्वतः सद्गुरूंकडे कशासाठी गेलो? कुणी आजारपणात गेलं, कुणी धंदा बुडाला तेव्हा, कुणी घरातल्या भांडणांनी पोळून. आपली सगळी उणीदुणी घेऊन गेलो आणि त्यांनी पदरात घेतलं. जिथे आपण आपलं सगळं चुकलेलं घेऊन जाऊ शकलो, नेमकी तीच जागा आपण आपल्या मुलांसाठी चुका लपवायची जागा करून ठेवली! मूल चुकलं की त्याने आधी देवघराकडे धाव घ्यावी. आमचं मूल देवघराकडे पाठ फिरवत होतं, आणि ती पाठ आम्हीच फिरवली होती.

*मोहनदासची चिठ्ठी*

आम्ही गुजरातेत राहणारे, म्हणून इथल्याच मातीतली एक गोष्ट. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत ती स्वतःच लिहून ठेवलीय. मूळ गुजरातीत लिहिलेली ही आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मधून क्रमाने प्रसिद्ध झाली. पंधराव्या वर्षी त्यांनी चोरी केली होती. भावाला सुमारे पंचवीस रुपयांचं कर्ज झालं होतं. भावाच्या हातात सोन्याचं कडं होतं, त्यातला एक तुकडा काढून कर्ज फेडलं. कर्ज फिटलं, पण मनाला चैन पडेना. वडिलांना तोंडाने सांगायची हिंमत होईना. मार खाण्याची भीती नव्हती, वडिलांना दुःख होईल याची होती. शेवटी चिठ्ठी लिहिली. तीत गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली आणि वडिलांनी माझ्या अपराधासाठी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंतीही केली.

वडील आजारी, अंथरुणावर. उठून बसून त्यांनी चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकली. पुन्हा आडवे झाले. गांधीजी लिहितात, की वडील रागावतील, कपाळ बडवून घेतील असं त्यांना वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. त्या आसवांनी आपल्याला धुऊन काढलं आणि अहिंसेचा तो वस्तुपाठ ठरला, अशा अर्थाचं त्यांनी पुढे नमूद केलं.

ही गोष्ट वाचताना आपलं लक्ष मुलाच्या प्रामाणिकपणाकडे जातं. आम्ही आता वडिलांकडे बघतो. त्या क्षणी त्यांनी एक शब्द जरी कडू बोलला असता, तर ती कबुली पहिली आणि शेवटची ठरली असती. मुलगा खरं बोलला यात वडिलांचाही वाटा आहे. तिथे चापटही नव्हती, प्रवचनही नव्हतं. आसवं होती आणि ती लपवलेली नव्हती.

*मग शिक्षा नाहीच का?*

सत्संगात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका गुरुबंधूंनी लगेच विचारलं, "म्हणजे डोळे पुसून सोडून द्यायचं? मुलं शेफारणार नाहीत?" प्रश्न रास्त आहे. सोडून द्यायचं नाही. चुकीची भरपाई व्हायलाच हवी. फक्त भरपाई वेगळी आणि सूड वेगळा.

आम्ही काय केलं ते सांगतो. ते सगळं बरोबरच होतं असा दावा नाही.

अन्नदानाचे अठराशे त्याच रात्री बाबांच्या खिशातून पूर्ण झाले, कारण ती रक्कम आपली नव्हतीच. आता मुलगा बाबांचं देणं लागत होता. त्याला महिन्याला तीनशे खर्चाला मिळायचे. त्यातले दोनशे परत करायचे असं त्यानेच ठरवलं. नऊ महिने लागले. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर चालू असताना त्याने शेवटचे दोनशे टेबलावर आणून ठेवले. "परीक्षा होऊ दे, मग दे" असं आम्ही मध्ये एकदा म्हटलं होतं. तो म्हणाला, "नको, संपू दे."

खजिनदार काकांनाही खरं काय ते सांगितलं. पैसे पूर्ण होते, न सांगता चाललं असतं. पण मुलाला खरं बोल म्हणायचं आणि आपण वहीमागे लपायचं, हे जमेना.

सगळ्यात अवघड होतं बेनच्या घरी जाणं. आम्ही तिघेही गेलो. आधी आम्ही माफी मागितली, कारण संशय घेतला होता आम्ही. मग मुलगा बोलला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाणी आणून दिलं. चार दिवसांनी कामावर आल्या. पण त्यानंतर पुढचे दोन महिने निघताना दारात थांबून आपली पिशवी उघडून दाखवायच्या. आम्ही हात जोडले, नका दाखवू म्हटलं. तरी दाखवायच्या. मुलगा घरी असला की ते बघायचा. आम्ही कोणतीही शिक्षा दिली असती तरी तिने एवढं शिकवलं नसतं. त्याला आणि आम्हालाही. माफी मागितली म्हणजे झालेलं पुसलं जातं असं नाही. विश्वास परत यायला त्याचा त्याचा वेळ लागतो, आणि तो वेळ समोरच्याने ठरवायचा असतो.

एक गोष्ट मात्र ठरवून टाळली. "आता महिनाभर रोज देवघर पूस, रोज आरतीला उभा राहा" असं सांगितलं नाही. *सेवा ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये.* भांडी घासायला लावा, पैसे भरायला लावा, फोन काही दिवस ठेवून घ्या. पण नाम, आरती, पोथी यांचा दंड करू नका. दंड म्हणून घेतलेलं नाम मुलाला आयुष्यभर कडू लागेल.

*नाथांच्या घरातली कुरबुर*

"पण आमचं मूल ऐकतच नाही, वादच घालतं," असं म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा नाथांच्याच घरात जाऊ. नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान, पण वडिलांशी त्याचं पटत नसे. तो काही किशोरवयाचा नव्हता, पण बापलेकांचं न पटणं कोणत्याही वयात सारखंच. वडील प्राकृतात, म्हणजे मराठीत, पुराण सांगतात हे त्याला खटके. कुणाच्याही घरी जेवतात हेही खटके. चरित्रकथा सांगतात, की तो रागावून काशीला निघून गेला. नाथ स्वतः काशीला गेले, त्याची समजूत काढली. त्याने अटी घातल्या, की प्राकृतात पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. ज्या नाथांनी त्याच मराठीत भागवताच्या एकादश स्कंधावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्यांनी मुलासाठी त्या अटी मान्य केल्या आणि त्याला घरी आणलं.

पुढची आख्यायिका अशी. सहस्र ब्राह्मणांना भोजन घालायचा एका गरीब बाईचा संकल्प होता, पण ऐपत नव्हती. एकट्या नाथांना जेवू घातलं तर संकल्प पुरा होईल असं ठरलं. स्वयंपाक हरिपंडितानेच केला. जेवण झाल्यावर त्याने पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. त्याचा ताठा तिथे गळाला.

चमत्कार आपण श्रद्धेने घेऊ. पण त्याआधीचा भाग चमत्काराचा नाही. तो तुम्हाआम्हाला जमण्यासारखा आहे. नाथ वादात जिंकू शकत होते. त्यांनी वाद बाजूला ठेवून नातं सांभाळलं. मुलगा घरातच नसता तर पत्रावळ उचलायला आला असता कोण? मूल बदलण्याची वेळ येईल तेव्हा ते आपल्याजवळ असायला हवं. वादात हरवून त्याला दूर केलं तर ती वेळ येईल आणि आपण तिथे नसू.

याचा अर्थ प्रत्येक हट्ट मान्य करा असा नाही. रात्री दोनपर्यंत फोन, लायसन्स नसताना गाडी, व्यसन, यांत तडजोड नाही. पण केस कसे कापायचे, आरतीला पहिल्या रांगेत बसायचं की दाराशी, सुट्टीत गावाला यायचं की नाही, अशा गोष्टींत आपण हरलो तर काही बिघडत नाही. हे वय असंच आहे. विचार करून थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, असं विज्ञानही सांगतं. गाडीला वेग आलाय आणि ब्रेक अजून बसवले जातायत. तोवर ब्रेकवरचा पाय आपला, पण स्टिअरिंग थोडं थोडं त्यांच्या हाती द्यायचं.

*घरात करून बघण्यासारखं*

आम्ही चुकत-माकत जे पाळतो, ते असं:

🌸 मूल स्वतःहून काही कबूल करेल तेव्हा *पहिला अर्धा तास फक्त ऐकायचं.* शिक्षा, उपदेश, "तरी मी म्हटलं होतं" यातलं काहीही नाही. भरपाई दुसऱ्या दिवशी ठरवायची, आणि ठरवताना मुलालाही विचारायचं.

🌸 ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न मुलाला पकडण्यासाठी विचारायचा नाही. "कुठे होतास?" असं विचारून खोटं बोलायची संधी देण्यापेक्षा "तू क्लासला नव्हतास हे कळलंय, बोलू या" असं सरळ म्हणावं.

🌸 आपलं खोटं आधी बंद करायचं. "सांग, बाबा घरी नाहीत" हे मुलाकरवी कुणाला सांगायचं नाही. मुलाच्या फोनमध्ये खोटी जन्मतारीख घालून खातं उघडून द्यायचं नाही. आम्ही ही दोन्ही पापं केली होती.

🌸 *मुलाची चूक कुटुंब-गटावर टाकायची नाही.* "याच्यासाठी प्रार्थना करा" असं म्हणूनसुद्धा नाही. आपल्याला वाटतं प्रार्थना मागतोय, मुलाला वाटतं अब्रू चव्हाट्यावर आली. बोलायचं असेल तर एखाद्या जाणत्या काका-काकूंशी, एकट्याने, फोनवर.

🌸 मुलीच्या बाबतीत आपण चुकीपेक्षा 'लोक काय म्हणतील' याला जास्त घाबरतो आणि ते तिला लगेच कळतं. ज्या मुलीला वाटतं की आईला माझ्यापेक्षा समाजाची काळजी आहे, ती मुलगी खऱ्या संकटातही आईला सांगत नाही. कुणी फोटोवरून धमकावत असेल तरी सांगत नाही. "काहीही झालं तरी आधी मला सांग, मी तुझ्या बाजूची" हे वाक्य तिला आजच सांगून ठेवा. वेळ आल्यावर सुचत नाही.

🌸 रोज दहा मिनिटं मुलाबरोबर, ज्यात अभ्यास, मार्क आणि वळण यांचा विषय नाही. गाडीवर मागे बसवून सुरसागरला एक चक्कर मारली तरी चालते. समोरासमोर न बोलणारी मुलं शेजारी बसून बोलतात.

आणि एक कळकळीचं. मूल दिवसेंदिवस खोलीतून बाहेर येत नसेल, जेवण-झोप सुटली असेल, स्वतःला इजा करत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल किंवा व्यसनात अडकलं असेल, तर नुसत्या पारायणावर थांबू नका. पारायण करा आणि डॉक्टरांकडेही न्या. मन आजारी पडतं तसं बरंही होतं. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मिळते. मुलांवर अत्याचार होत असेल किंवा मूल संकटात असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे. दोन्ही नंबर फोनमध्ये जपून ठेवा आणि मुलांनाही देऊन ठेवा. डॉक्टरांकडे जाणं ही श्रद्धेची कमतरता नव्हे. गुरुकृपा त्यांच्याही हातून काम करते.

*आता आमच्या घरी*

सगळं छान झालं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. तीन महिन्यांनी मुलाने युनिट टेस्टचे मार्क लपवले. मात्र या वेळी दोन दिवसांत स्वतः येऊन सांगितलं. तीन आठवड्यांचे दोन दिवस झाले. आम्ही मनातल्या मनात टाळी वाजवली.

आरतीला तो अजून रोज येत नाही. आम्ही बोलावतो, ओढत नाही. कधी दाराशी उभा असतो, कधी नसतो. पण एका रात्री झोपण्याआधी पाणी प्यायला उठलो तर देवघरात दिसला. दिवा मालवला होता, तसबिरीसमोर नुसता बसला होता. काय बोलत होता ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही विचारलं नाही. ते त्याचं आणि त्याच्या महाराजांचं. आम्ही पाणी न पिताच परत फिरलो.

यंदा गुरुपौर्णिमेच्या पैशांची मोजणी जवळ आलीय. खजिनदार काकांनी त्याला आपणहून विचारलं, "काय रे, या वेळी माझ्याबरोबर मोजायला बसतोस?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अजून नको काका." काका म्हणाले, "बरं. वाटेल तेव्हा सांग. जागा ठेवतो."

आम्हाला वाटतं, सद्गुरू आपल्याशी हेच तर करतात. जागा ठेवतात.

*या गुरुवारचा संकल्प*

या गुरुवारी आरतीनंतर, तीर्थ घेण्याआधी, घरातल्या मोठ्या माणसांनी देवघरापुढे या आठवड्यातली स्वतःची एक चूक मोठ्याने सांगायची. लहानशी का असेना. सासूबाईंवर चिडलो, भाजीवाल्याचे दहा रुपये राहिले ते दिले नाहीत, मुलाचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. मुलांना काहीही विचारायचं नाही. "आता तू सांग" म्हणायचं नाही. फक्त आपण सांगायची आणि तीर्थ घ्यायचं.

मुलं ऐकत असतात. पोहे खाताना मान खाली असली तरी ऐकत असतात. घरात खरं बोललं तर चालतं हे त्यांना पटायला वेळ लागेल. आपण तेवढा वेळ थांबू या.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते आमचं. चांगलं असेल ते सद्गुरूंचं.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏